पोटातली गाठ, संशय कॅन्सरचा… आणि चोर भलताच!

धडधाकट पोर, महिनाभराची पोटदुखी आणि सीटी स्कॅनवर दिसलेली गाठ. सगळ्यांच्या मनात एकच शब्द : कॅन्सर. पण काही वेळा त्या गाठीमागे असते एक बुरशी, बेडकाच्या पोटात सुखाने राहणारी! नाव अवघड, आजार दुर्मीळ, पण वेळेत ओळखला तर गोळ्यांनी बरा होणारा…

समजा, शुक्रवारची संध्याकाळ आहे. बॉस केबिनमध्ये नाही, लॅपटॉप बंद करून कल्टी मारायचा मस्त चान्स आहे. वीकएण्डला लोणावळा की अलिबाग यावर ग्रुपमध्ये घमासान चालू आहे. तेवढ्यात ताईचा फोन येतो. आवाज रडवेला. ''अरे, पिंट्याच्या पोटात गाठ निघालीय. डॉक्टर म्हणतायत, कॅन्सरही असू शकतो.''

संपलं! लोणावळा गेलं उडत. पुढची पंधरा मिनिटं तुम्ही नेटवर एकामागून एक पानं उघडत बसता आणि प्रत्येक पान आधीच्यापेक्षा जास्त घाबरवतं. सहा वर्षांचा पोरगा, कालपरवापर्यंत सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत होता. त्याला कॅन्सर?

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण घरात असा फोन आल्यावर पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे जगातल्या एका कोपऱ्यातल्या आईबापांनी खूपदा अनुभवलंय. त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत पुढे अशी गोष्ट घडली, की डॉक्टरांनाही दोनदा मायक्रोस्कोपमध्ये डोकवावं लागलं. चला तर मग, त्या कोपऱ्यात एक चक्कर मारू या.

वाळवंट नव्हे, डोंगर!

सौदी अरेबिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळू, उंट आणि तेलाच्या विहिरी. पण देशाच्या नैर्ऋत्येला असीर नावाचा चक्क डोंगराळ प्रांत आहे. त्याची राजधानी अभा सुमारे २२०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या दीडपट! इथे पाऊस पडतो, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे. डोंगर उतरून तांबड्या समुद्राकडे गेलात की लागतं जझान. गरम, दमट, घामाच्या धारा काढणारं, थोडक्यात आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखं.

मुलांमधल्या या आजाराच्या जगातल्या सर्वाधिक केसेस ज्या मोजक्या भागांतून आल्या, त्यातला हा एक प्रमुख पट्टा. २००३ मध्ये सौदीतल्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या केसेस मेडिकल जर्नलमध्ये मांडल्या आणि त्यानंतर अशा रिपोर्ट्सची रांगच लागली. इराणच्या दक्षिणेकडूनही, विशेषतः शिराजच्या डॉक्टरांकडून, अशाच केसेस पुढे आल्या.

या सगळ्या केसेस शेजारी ठेवल्या की एकच कहाणी पुन्हा पुन्हा वाचल्यासारखं वाटतं. पेशंट लहान, बऱ्याचदा मुलगा. आधी कसलाही मोठा आजार नाही. सुरुवात साध्या पोटदुखीने. मग ताप येतो-जातो, पोट साफ होत नाही, कधी शौचातून रक्त पडतं. वजन उतरायला लागतं. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, जंताचं औषध देतात. कधी अपेंडिक्स समजून ऑपरेशनही होतं. असे काही आठवडे, कधी काही महिने निघून जातात. आणि मग एक दिवस पोट तपासताना डॉक्टरांच्या हाताला गाठ लागते.

सीटी स्कॅनमध्ये आतड्याची भिंत जाडजूड झालेली, आजूबाजूला सूज, लिम्फ नोड्स वाढलेले, काहींमध्ये लिव्हरमध्येसुद्धा डाग. हे चित्र बघून कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा काय येईल? लिम्फोमा. म्हणजेच कॅन्सर.

मिट द व्हिलन

आता या गोष्टीतल्या व्हिलनची एंट्री. नाव आहे बॅसिडिओबोलस रॅनारम. जीभ अडखळली ना? यातल्या 'रॅनारम'चा अर्थ सोपा आहे : बेडकांचा. १८८६ मध्ये आयडॅम नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ही बुरशी पहिल्यांदा नोंदवली, ती बेडकाच्या विष्ठेवर वाढताना. तिथूनच हे नाव पडलं.

बेडूक, सरडे, पाली यांच्या आतड्यात ही बुरशी पेइंग गेस्टसारखी राहते. यजमानाला त्रास नाही, भाड्याची कटकट नाही. विष्ठेबरोबर ती बाहेर पडते आणि माती, कुजलेली पानं, ओला पालापाचोळा यांत वाढते.

तिचा खरा फंडा पुढे आहे. ही बुरशी आपले बीजाणू चक्क रॉकेटसारखे हवेत उडवते! बीजाणूच्या खालच्या पेशीत पाण्याचा दाब वाढत जातो, मग ती फुटते आणि बीजाणू सुटतो. काही बीजाणू वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्या टोकाला डिंकासारखा चिकट थेंब असतो, त्यामुळे ते जाणाऱ्या-येणाऱ्या किड्याला चिकटतात. तो किडा बेडूक किंवा पाल गट्टम करते आणि बुरशी परत घरी पोचते. एकदम परफेक्ट रिटर्न तिकीट!

या सगळ्या साखळीत माणूस कुठेच नाही. तो मध्येच सापडतो. बुरशी असलेली माती किंवा तिने दूषित झालेलं अन्न पोटात जात असावं, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण अंदाज आहे. मुलं मातीत खेळतात आणि तेच हात तोंडात घालतात, त्यामुळे हा अंदाज पटण्यासारखा आहे. एक मात्र नीट लक्षात घ्या : हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला झाल्याचं दिसलेलं नाही. म्हणजे पिंट्याच्या वर्गातल्या मुलांच्या आयांनी घाबरायचं कारण नाही.

इंडोनेशिया ते अ‍ॅरिझोना

माणसात या बुरशीची पहिली नोंद झाली १९५६ मध्ये इंडोनेशियात. तिथे ती पोटात नव्हती, कातडीखाली होती. मुलांच्या मांडीवर, कुल्ल्यावर कडक, न दुखणारी सूज यायची आणि हळूहळू पसरायची. आफ्रिकेत आणि दक्षिण भारतातही हा कातडीखालचा प्रकार डॉक्टरांना माहीत आहे. पुढे १९६४ मध्ये नायजेरियातल्या एका लहान मुलात ही बुरशी पोटातही सापडली. पण तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. एखाददुसरी केस, बस.

धक्का बसला तो अमेरिकेत. एप्रिल १९९४ ते मे १९९९ या काळात अ‍ॅरिझोना राज्यात पोटातल्या प्रकाराच्या चक्क सात केसेस सापडल्या. त्या सगळ्या मोठ्या माणसांच्या होत्या, सर्वात तरुण पेशंट ३७ वर्षांचा. सातही जणांच्या आतड्याचा बुरशी लागलेला भाग ऑपरेशन करून काढावा लागला आणि नंतर बुरशीविरोधी गोळ्या दिल्या गेल्या. तपास करणाऱ्यांनी या लोकांच्या सवयी खोदून काढल्या. जास्त वर्षं अ‍ॅरिझोनात राहणं आणि आधी रॅनिटिडीन ही अ‍ॅसिडिटीची गोळी घेतलेली असणं, हे दोन धागे त्यांना संशयास्पद वाटले. एका पेशंटला तर माती वगैरे खाण्याची सवय होती.

२०१२ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी जगभरातल्या पोटातल्या केसेस गोळा केल्या, तेव्हा आकडा भरला फक्त ४४. त्यातल्या १९ अमेरिकेतल्या आणि त्याही बहुतेक अ‍ॅरिझोनातल्या. तेव्हापासून सौदी, इराण आणि इतर देशांतून आणखी केसेस आल्या, भारतातूनही आल्या. तरी हा आजार दुर्मीळच आहे. इतका, की बहुतेक डॉक्टरांना अख्ख्या करिअरमध्ये एकही पेशंट दिसणार नाही.

आणि नेमकी तिथेच खरी गोम आहे.

न पाहिलेला चोर ओळखायचा कसा?

डॉक्टर आजार ओळखतात तो आधी पाहिलेल्या पेशंट्सच्या अनुभवावरून. पोटात गाठ, वजन कमी, ताप असं दिसलं की डोक्यात ठरलेली लिस्ट येते. लिम्फोमा. क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्याला सतत सूज ठेवणारा आजार. आणि आपल्या देशात आतड्यांचा टीबी तर असतोच. या लिस्टमध्ये बेडकाच्या बुरशीला जागा नसते. ती मनातच आली नाही, तर तिच्यासाठी तपासणी कोण करणार?

चुकीचं लेबल लागलं तर नुकसान किती होतं बघा. टीबी समजून औषधं सुरू केली तर महिने वाया जातात, बुरशी वाढत राहते. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिली तर शरीराची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कॅन्सर समजून केमोथेरपी दिली तर त्या पोराने उगाचच सगळं सोसायचं, केस जायचे, उलट्या व्हायच्या आणि खरा शत्रू आत मजेत. कधी गाठ म्हणून आतड्याचा मोठा तुकडा काढून टाकला जातो आणि मग कळतं, गोळ्यांनी भागलं असतं. उशीर झाला तर आतडं बंद पडू शकतं, फुटू शकतं. या आजाराने मुलं दगावलेलीही आहेत. त्यातली खंत अशी, की हा बरा होणारा आजार आहे.

सीबीसीमधली ती एक ओळ

मग क्लू कुठे मिळतो? पहिला क्लू आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हातात धरलेल्या कागदावर असतो. सीबीसी! कंपनीच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला की आपण हिमोग्लोबिन बघतो आणि बाकीचं सोडून देतो. त्यात पांढऱ्या पेशींचे प्रकार लिहिलेले असतात. त्यातली एक ओळ असते इओसिनोफिल्स. एरवी त्यांचं प्रमाण असतं एक ते सहा टक्के. जंत झाले किंवा अ‍ॅलर्जी असली की ते वाढतं. पोटातल्या या बुरशीच्या मुलांमध्येसुद्धा ते बहुतेकदा वाढलेलं असतं, कधी कधी खूपच.

नुसते इओसिनोफिल वाढले म्हणजे बुरशी, असं अजिबात नाही हं! आपल्याकडे धुळीच्या अ‍ॅलर्जीने अर्ध्या ऑफिसचे वाढलेले निघतील. पण पोटात गाठ आहे आणि त्याच वेळी इओसिनोफिल भरमसाट आहेत, हे दोन्ही एकत्र दिसलं की डॉक्टरांनी थबकायला हवं.

दुसरा आणि पक्का पुरावा मिळतो गाठीच्या तुकड्यात, म्हणजे बायोप्सीत. पॅथॉलॉजिस्ट तो मायक्रोस्कोपखाली ठेवतो तेव्हा कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. दिसते इओसिनोफिल्सची फौज आणि तिच्या मधोमध बुरशीचे रुंद, पातळ भिंतीचे धागे. प्रत्येक धाग्याभोवती गडद गुलाबी रंगाचं जाड वेष्टन, जणू शरीराने घुसखोराला गुलाबी शालीत गुंडाळून ठेवलंय. या खुणेला स्प्लेंडोर-होप्ली असं भारदस्त नाव आहे. ही खूण इतर काही आजारांतही दिसते, पण आतड्याच्या गाठीत, अशा धाग्यांभोवती दिसली, की अनुभवी पॅथॉलॉजिस्टचे डोळे चमकतात.

अडचण अशी, की लहान तुकडा घेतला तर त्यात धागे येतीलच असं नाही. बुरशीसाठी खास रंग वापरून तपासणी करावी लागते. आणि तुकडा नेहमीप्रमाणे पूर्णच्या पूर्ण फॉर्मलिनमध्ये टाकला की त्यातली बुरशी मरते. मग लॅबमध्ये ती वाढवून तिचं नाव-गाव शोधायचा रस्ताच बंद! म्हणून एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि एक भाग तसाच, ताजा, मायक्रोबायोलॉजी लॅबला पाठवणं महत्त्वाचं. तोही फ्रिजमध्ये न ठेवता, कारण या बाईसाहेबांना थंडी सोसत नाही.

'ब्लॅक फंगस'ची चुलत बहीण?

बुरशी म्हटलं की आपल्याला आठवतं ते २०२१. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरात पोचला होता. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक रात्र-रात्र फोन फिरवत होते. मायक्रोस्कोपखाली या दोन बुरशा बऱ्यापैकी सारख्या दिसतात. पूर्वी शास्त्रज्ञही त्यांना एकाच गटात टाकत. पण स्वभाव वेगळा! म्युकर बहुतेकदा डायबेटिस किंवा स्टिरॉइडने कमजोर झालेल्या माणसाला पकडतो आणि रक्तवाहिन्यांत घुसतो. बॅसिडिओबोलस धडधाकट मुलांनाही होतो आणि सहसा रक्तवाहिन्यांच्या वाटेला जात नाही.

औषधातही फरक आहे. म्युकरवर अ‍ॅम्फोटेरिसिन हा हुकमाचा एक्का, इथे मात्र त्याचा भरवसा देता येत नाही. इथे चालतात इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल. आणि गंमत बघा, हेच व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही! म्हणजे 'बुरशी आहे' एवढं कळून भागत नाही, कुठली बुरशी ते कळायला हवं.

योग्य औषध मिळालं की गाठ हळूहळू विरघळायला लागते. हे दोन दिवसांचं काम नव्हे. गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, मध्ये लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात, सोनोग्राफी किंवा स्कॅन परत करून बघावं लागतं. आतडं अडलं किंवा फुटलं असेल तर ऑपरेशनही लागतं. पण ज्या पोराबद्दल घरात 'कॅन्सर' हा शब्द कुजबुजला जात होता, ते पोर पुन्हा शाळेत जायला लागतं. आणखी काय हवं?

मग आता पाली मारायच्या का?

नाही हो! आपल्याकडे पाल अंगावर पडली की पंचांग उघडणारी मंडळी अजून आहेत, त्यांना हे वाचून नवं निमित्त नको. घराघरात पाली आहेत, पावसाळ्यात बेडूक आहेत, आणि तरीही हा आजार दुर्मीळ आहे. पाल दिसली म्हणून डॉक्टरकडे धावायची गरज नाही. साध्या सवयी पुरतात. मातीत खेळून आल्यावर साबणाने हात धुणं, भाजी-फळं नीट धुणं, अन्न झाकून ठेवणं. आणि पोर माती खात असेल तर ते हसण्यावारी न नेता डॉक्टरांना सांगणं. आजीनेही हेच सांगितलं होतं, फक्त तिला बॅसिडिओबोलस हे नाव माहीत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशांची एक यादी काढली. त्यात १९ नावं आहेत, बॅसिडिओबोलसचं नाही. दुर्मीळ आजारांचं हे असंच असतं. यादीत नाव नाही, म्हणून लक्ष नाही. लक्ष नाही, म्हणून निदान नाही. आणि निदान नाही, म्हणून पुन्हा यादीत नाव नाही!

चौकट : डॉक्टरांना हे जरूर विचारा

घरातल्या किंवा मित्राच्या मुलाच्या पोटात गाठ निघाली असेल तर…

- बायोप्सी झाली का? नसेल तर कधी? कॅन्सर असो वा नसो, पक्कं नाव तुकड्यावरूनच ठरतं.
- सीबीसीमध्ये इओसिनोफिल किती आहेत? जुने रिपोर्ट असतील तर तेही दाखवा.
- तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये न टाकता टीबी आणि बुरशीच्या तपासणीसाठी पाठवणार का?
- बुरशीसाठीचे खास रंग वापरून स्लाइड बघितली का? गरज पडल्यास ती दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येईल का?
- मूल कुठे राहिलंय, कुठे फिरून आलंय, माती खातं का, हे सगळं आपणहून सांगा. गल्फमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची मुलं तिथेच वाढतात. सुट्टीत गावी आल्यावर पोट दुखायला लागलं तर हा तपशील मोलाचा ठरू शकतो.
- आणि हे वाचून उपचार लांबवू नका! पोटातल्या बहुतेक गाठींची कारणं वेगळी असतात. लिम्फोमा निघाला तरी वेळेत उपचार घेतलेली बरीच मुलं बरी होतात.

परत त्या फोनकडे…

तर शुक्रवारची ती संध्याकाळ. ताई फोनवर रडतेय. तुम्ही डॉक्टर नाही. 'काही होणार नाही गं' असं म्हणणं सोपं आहे, पण खोटं आहे. तुम्हाला माहीत नाही काय होणार ते. 'कॅन्सरच असणार' असं मनात धरून बसणंही तितकंच चूक.

त्याऐवजी टॅक्सी पकडा आणि हॉस्पिटल गाठा. ताईच्या हातातली ती फुगलेली फाइल घ्या, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. ऑफिसात एक्सेल शीट लावता तसेच. सीबीसीमधली ती एक ओळ शोधा. आणि डॉक्टर राउंडला आले की त्यांना शांतपणे, आदराने विचारा : ''डॉक्टर, तुकड्याचा रिपोर्ट कधी येईल? आणि त्यात बुरशीसुद्धा बघणार ना?''

कदाचित ते म्हणतील, ''बघितलंय, तसलं काही नाही.'' चांगलंच आहे, एक शक्यता कमी झाली. कदाचित ते क्षणभर थांबतील आणि लॅबला फोन लावतील. अभा आणि शिराजच्या कितीतरी मुलांसाठी सगळा फरक पडला तो एवढ्याशाच एका प्रश्नाने. कुणीतरी तो विचारला, म्हणून.

लोणावळा काय, पुढच्या वीकएण्डलाही तिथेच असणार आहे!